निरोप तोच, निरोप्या वेगळा

तुमच्या घरातील मोबाइलवर संदेश पाठवण्याची एखादी तरी आज्ञावली असेलच. ज्या कंपनीची संदेशसेवा, तिनेच बहुधा ती आज्ञावलीही तयार केलेली असते. सेवा आणि आज्ञावली इतक्या एकजीव झालेल्या असतात की या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

पण समजा, तुमचा फोन अशा एखाद्या प्रणालीवर चालतो की जिच्यासाठी त्या कंपनीने आज्ञावली लिहिलेलीच नाही. फोन धडधाकट आहे, इंटरनेट चालू आहे, समोरचा मित्रही निरोपाची वाट पाहत आहे. तरीही निरोप जात नाही. मग काय करायचे? फोन टाकून द्यायचा, की निरोप नेणारा दुसरा निरोप्या स्वतः घडवायचा?

जगात काही लोकांनी दुसरा मार्ग धरला. तो कसा, त्यात कोणत्या अडचणी येतात आणि त्यातून आपल्याला कोणते विज्ञान शिकता येते, ते या लेखात पाहू.

तीन वेगळ्या गोष्टी

आधी तीन शब्द नीट समजून घेऊ. तुमच्या फोनवरील आज्ञावलीला क्लायंट म्हणतात. निरोप गोळा करून ते योग्य माणसाकडे पोहोचवणारा दूरचा मोठा संगणक म्हणजे सर्व्हर. आणि या दोघांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत, कोणत्या क्रमाने बोलायचे याची नियमावली म्हणजे प्रोटोकॉल.

टपालखात्याचे उदाहरण घ्या. पोस्टकार्डावर पत्ता कोठे लिहायचा, पिनकोडचे सहा आकडे कोणत्या चौकटीत लिहायचे, याचे नियम ठरलेले आहेत. ते पाळले की कार्ड तुम्ही शाईने लिहा, पेन्सिलीने लिहा किंवा टंकलेखन यंत्रावर छापा, पोस्टाची काहीच हरकत नसते. नियम सर्वांना माहीत असल्यामुळे लेखणी कोणत्या कारखान्यातली, हा प्रश्नच उरत नाही.

मोबाइलचा साधा लघुसंदेश, म्हणजे एसएमएस, असाच आहे. त्याचे नियम प्रसिद्ध असल्याने कोणत्याही कंपनीच्या फोनवरून कोणत्याही कंपनीच्या फोनवर तो जातो. इंटरनेटवरील संदेशसेवांचे मात्र तसे नाही. तेथे नियमावली उघड करायची की कुलुपात ठेवायची, हे सेवा चालवणारी संस्था ठरवते. ती उघड असेल तर बाहेरचा कोणीही त्या सेवेसाठी क्लायंट लिहू शकतो. कंपनी हा पहिला पक्ष, वापरणारा दुसरा आणि हा बाहेरचा लेखक तिसरा; म्हणून अशा आज्ञावलीला तृतीय पक्षाचा क्लायंट म्हणतात.

एका मुक्तस्रोत प्रणालीची कथा

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. संगणकावरील उबुंटू ही प्रणाली तुमच्यापैकी काहींनी शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिली असेल. ती तयार करणाऱ्या कॅनॉनिकल या कंपनीने जानेवारी २०१३ मध्ये मोबाइलसाठी 'उबुंटू टच' ही प्रणाली जाहीर केली. फेब्रुवारी २०१५ मध्ये बीक्यू या स्पॅनिश कंपनीने ही प्रणाली असलेला पहिला फोन विक्रीस आणला. ही प्रणाली मुक्तस्रोत आहे. म्हणजे तिच्या आज्ञा कोणालाही वाचता येतात, बदलता येतात आणि बदललेली प्रत दुसऱ्याला देता येते.

पण ग्राहक थोडे मिळाले. एप्रिल २०१७ मध्ये कॅनॉनिकलने हे काम थांबवत असल्याचे जाहीर केले. एखाद्या बंदिस्त प्रणालीची कथा येथेच संपली असती. उबुंटू टचच्या आज्ञा मात्र सर्वांपुढे खुल्या होत्या. यूबीपोर्ट्स नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने त्या उचलल्या आणि काम पुढे चालू ठेवले.

तेव्हा या गटापुढे पहिल्या काही प्रश्नांत एक होता संदेशांचा. ज्या फोनवरून घरच्यांशी आणि मित्रांशी बोलता येत नाही, तो फोन कितीही चांगला असला तरी कोण वापरणार? आणि मोठ्या कंपन्या थोड्या लोकांसाठी क्लायंट लिहिण्याचे कष्ट का घेतील? तेव्हा तो या लोकांनीच लिहिणे भाग होते.

टेलिग्राम या सेवेच्या बाबतीत हे शक्य झाले. ही सेवा २०१३ मध्ये सुरू झाली. तिच्या सर्व्हरच्या आज्ञा गुप्त आहेत, पण सर्व्हरशी बोलण्याचे नियम तिने प्रसिद्ध केले आहेत. बाहेरच्या लेखकाने आपल्या आज्ञावलीसाठी एक क्रमांक आणि त्याच्या जोडीची एक खूण मागून घ्यायची, आपला क्लायंट अधिकृत नाही हे वापरणाऱ्याला स्पष्ट सांगायचे, आणि सेवेच्या मूळ वागणुकीत ढवळाढवळ करायची नाही, अशा तिच्या अटी आहेत. जानेवारी २०१८ मध्ये टेलिग्रामने 'टीडी-लिब' नावाचा आज्ञांचा तयार संचही मुक्तस्रोत म्हणून दिला. सर्व्हरशी जोडणी, संदेशांचे कुलूपबंद रूप, फोनमधील साठवण ही अवघड कामे हा संच करतो. उबुंटू टचवरील 'टेलिपोर्ट्स' हा क्लायंट याच संचावर उभारण्यात आला. पडद्यावर काय दिसावे, बोट कोठे टेकवल्यावर काय घडावे, एवढा भाग स्वयंसेवकांनी लिहिला.

तुम्ही म्हणाल, मग उरले काय? बरेच उरले. आणि तयार संचाच्या आत काय चालते हे कळल्याशिवाय बाहेरचा भागही नीट लिहिता येत नाही. म्हणून आता एक निरोप घेऊन त्याच्याबरोबर थोडे चालू.

'नमस्कार' किती लांब?

तुम्ही फोनवर 'नमस्कार' असे लिहिले. हा शब्द किती अक्षरांचा? तुम्ही म्हणाल चार: न, म, स्का, र. संगणक म्हणेल सात: न, म, स, हलन्ताची खूण, क, काना, र. जगातील बहुतेक लिप्यांतील अक्षरांना आणि खुणांना युनिकोड या पद्धतीत एकेक क्रमांक दिला आहे. त्यात 'न' चा क्रमांक २३४४ आहे आणि 'म' चा २३५०.

हे क्रमांक तारेवरून पाठवताना त्यांचे बाइट करावे लागतात. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात. २३४४ त्यात बसणार नाही. म्हणून यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. 'न' चे तीन बाइट आहेत २२४, १६४ आणि १६८. पडताळा पाहायचा आहे? पहिल्यातून २२४ वजा करा आणि उरेल त्याला ४०९६ ने गुणा. दुसऱ्यातून १२८ वजा करा आणि ६४ ने गुणा. तिसऱ्यातून १२८ वजा करा. तिन्हींची बेरीज करा:

० × ४०९६ + ३६ × ६४ + ४० = २३०४ + ४० = २३४४

म्हणजे 'नमस्कार' चे ७ × ३ = २१ बाइट झाले. टेलिग्रामची नियमावली सांगते की, २५३ किंवा त्याहून कमी बाइटच्या मजकुरापुढे त्याची लांबी सांगणारा एक बाइट लावा. मग एकूण संख्येला ४ ने भाग जाईपर्यंत शेवटी शून्ये भरा. आपल्याकडे १ + २१ = २२ बाइट आहेत. दोन शून्ये भरली की २४ होतात. सर्व्हर तो पहिला बाइट वाचतो, त्यावरून 'आता २१ बाइट मजकुराचे' हे ओळखतो आणि उरलेली दोन शून्ये सोडून देतो. एकानेही मोजणीत चूक केली तर पुढचे सारे संदेश एकेक घर सरकतात आणि कशालाच अर्थ उरत नाही.

आता यातली खरी गंमत पाहा. समजा, तुम्ही 'शाळा उद्या बंद' असा निरोप लिहिला आणि 'बंद' हा शब्द ठळक केला. क्लायंटने सर्व्हरला सांगायचे असते की, ठळक भाग कितव्या स्थानापासून सुरू होतो आणि किती लांब आहे. ही मोजणी यूटीएफ-१६ नावाच्या दुसऱ्या एका पद्धतीने करायची, असा नियम आहे. त्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण एक मोजतात. 'शाळा' च्या ४ खुणा, एक मोकळी जागा, 'उद्या' च्या ५ (उ, द, हलन्त, य, काना), पुन्हा एक मोकळी जागा. एकूण ११. म्हणून 'बंद' हा शब्द स्थान ११ पासून सुरू होतो (पहिले स्थान शून्य धरतात) आणि त्याची लांबी ३ आहे: ब, अनुस्वार, द.

क्लायंटच्या लेखकाने चुकून बाइट मोजले, तर उत्तर २९ येईल. सबंध निरोपात तर १४ च खुणा आहेत! आणि त्याने डोळ्यांना दिसणारी अक्षरे मोजली, तर सुरुवात ६ आणि लांबी २ येईल. मग ठळक होईल 'उद्या' मधला द आणि त्याचा हलन्त. वाचणाऱ्याला वाटेल, फोन बिघडला.

इंग्रजीत 'स्कूल क्लोज्ड' असे रोमन लिपीत लिहिले, तर तिन्ही मोजण्यांचे उत्तर एकच येते. म्हणून ज्याने फक्त इंग्रजी निरोपांवर आपला क्लायंट तपासला, त्याला ही चूक कधी दिसणारच नाही. ती दिसते मराठी, बंगाली किंवा तमिळ लिहिणाऱ्याला. मुक्तस्रोत प्रणालीत अशा वाचकाला केवळ कुरकुर करून थांबावे लागत नाही. चूक नेमकी कोठे आहे हे तो आज्ञा वाचून दाखवू शकतो, आणि दुरुस्त करूनही देऊ शकतो.

चारचौघांत ठरवलेले गुपित

आता पुढचा प्रश्न. हे २४ बाइट वाटेतल्या कोणीही वाचू नयेत म्हणून ते कुलूपबंद करून पाठवायचे. पण किल्ली? क्लायंट आणि सर्व्हर यांची आधी भेट झालेली नाही. किल्ली पाठवायची ती याच उघड्या तारेवरून. मग वाटेतला चोर तीही पाहील.

ही कोंडी फोडणारी रीत डिफी आणि हेलमन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. लहान संख्या घेऊन ती तुम्ही कागदावर करू शकता.

दोघांनी उघडपणे दोन संख्या ठरवल्या: १७ आणि ३. क्लायंटने मनात ६ ही संख्या धरली. ती कोणाला सांगायची नाही. त्याने ३ चा ६ वा घात काढला, ७२९, आणि त्याला १७ ने भागले. बाकी उरली १५. ती त्याने सर्व्हरला उघड पाठवली. सर्व्हरने मनात ७ धरली. ३ चा ७ वा घात २१८७. १७ ने भागून बाकी ११. ती त्याने उघड पाठवली.

आता क्लायंटने आलेल्या ११ चा आपला ६ वा घात काढला: १७७१५६१. १७ ने भागून बाकी ८. सर्व्हरने आलेल्या १५ चा ७ वा घात काढून १७ ने भागले. बाकी पुन्हा ८! दोघांकडे एकच संख्या आली आणि ती तारेवरून एकदाही गेली नाही. कारण सरळ आहे: एकाने ३ चा ७ वा घात आणि त्याचा ६ वा घात घेतला, दुसऱ्याने ३ चा ६ वा आणि त्याचा ७ वा. दोन्ही वेळा ३ चा ४२ वा घातच झाला.

चोराला १७, ३, १५ आणि ११ या चारही संख्या माहीत आहेत. ३ चा कितवा घात घेतला असता बाकी १५ येते, एवढे त्याला शोधायचे आहे. १७ साठी ते तो क्षणात शोधील; फार तर सोळा वेळा करून पाहावे लागेल. पण टेलिग्राममध्ये १७ च्या जागी २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ आकडी मूळ संख्या असते. तेथे एकेक करून पाहणे जगातील सर्व संगणकांनाही शक्य नाही.

या रीतीत दोन ठिकाणी क्लायंटच्या लेखकाला जपावे लागते. पहिले ठिकाण असे: आपण बोलतो आहोत तो खरा सर्व्हर की मध्येच बसलेला तोतया, हे वरील रीत सांगत नाही. म्हणून सर्व्हरची उघड किल्ली क्लायंटमध्ये आधीच लिहून ठेवलेली असते आणि तिच्या साह्याने ओळख पटवतात. दुसरे ठिकाण: मनात धरलेली संख्या खरोखरच अटकळ न बांधता येणारी हवी. ही बाब किती गंभीर आहे याचे एक उदाहरण देतो. डेबियन या मुक्तस्रोत प्रणालीत २००६ मध्ये एका दुरुस्तीत यादृच्छिक संख्या बनवणाऱ्या आज्ञावलीतील थोडा मजकूर वगळला गेला. त्यामुळे अगणित किल्ल्यांऐवजी एका प्रकारच्या जेमतेम ३२ हजार किल्ल्याच तयार होऊ लागल्या. मे २००८ मध्ये हे उघडकीस येईपर्यंत सारे काही सुरळीत चालल्यासारखेच दिसत होते. कुलूप लागत होते, उघडत होते. फक्त ते कोणालाही उघडता आले असते.

घड्याळ आणि झोप

प्रत्येक निरोपाला क्लायंट एक क्रमांक देतो. हा क्रमांक वेळेवरून बनतो: १ जानेवारी १९७० पासून, ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून, किती सेकंद उलटले ते मोजून. निरोपाचा क्रमांक ३०० सेकंदांहून जुना किंवा ३० सेकंदांहून पुढचा असेल, तर सर्व्हर तो नाकारतो. असे का? वाटेतल्या कोणी जुना निरोप टिपून ठेवला आणि तो उद्या पुन्हा पाठवला, तर तो ओळखता यावा म्हणून. त्यामुळे चांगला क्लायंट फोनच्या घड्याळावर डोळे मिटून विसंबत नाही. सर्व्हरच्या उत्तरातून तो खरी वेळ काढतो आणि फरक लक्षात ठेवतो.

झोपेचा प्रश्न याहून अवघड. मोबाइलची बॅटरी लहान असते. म्हणून उबुंटू टचमध्ये पडद्यावरून दूर झालेली आज्ञावली थांबवून ठेवली जाते. प्रत्येक आज्ञावलीला तिच्या कुंपणातच राहावे लागते; दुसरीच्या वस्तूंना हात लावता येत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे उत्तमच. पण झोपलेल्या क्लायंटला नवा निरोप आल्याचे कळणार कसे?

यावर तोड अशी की, सर्व आज्ञावल्यांच्या वतीने एकच पहारेकरी जागा ठेवायचा. फोन आणि एक सूचना-सर्व्हर यांच्यात एकच जोडणी चालू राहते. निरोप आला की टेलिग्रामचा सर्व्हर या सूचना-सर्व्हरला कळवतो, तो फोनला, आणि फोन घंटी वाजवतो. मात्र त्यासाठी मोठ्या सेवेने या लहान प्रणालीच्या सूचना-सर्व्हरची दखल घ्यायला हवी. टीडी-लिबमध्ये ज्या सूचना-पद्धतींची यादी आहे, तिच्यात उबुंटूचेही नाव आहे. ही एक ओळ नसती, तर टेलिपोर्ट्स वापरणाऱ्याला दर थोड्या वेळाने क्लायंट उघडून 'कोणी बोलावले का?' असे पाहत बसावे लागले असते.

दार बंद असते तेव्हा

सगळ्याच सेवा इतक्या मोकळ्या नसतात. जुलै १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपली संदेश-आज्ञावली काढली आणि ती एओएल कंपनीच्या संदेशसेवेशीही बोलेल अशी सोय केली. एओएलने ती अडवली. मायक्रोसॉफ्टने आज्ञावली बदलली. एओएलने पुन्हा अडवली. ही रस्सीखेच कित्येक आठवडे चालली. शेवटी एओएलने आपला खरा क्लायंट ओळखण्यासाठी त्याच्यातील एका दोषाचाच खुणेसारखा उपयोग केला, आणि मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. वापरणाऱ्यांच्या हाती काय आले? दोन वेगळ्या खिडक्या. आज त्या दोन्ही सेवा बंद झाल्या आहेत.

व्हॉट्सॲपच्या अटींत अनधिकृत क्लायंटला मज्जाव आहे. तो वापरणाऱ्याचे खाते बंद होऊ शकते. सिग्नल या सेवेची गोष्ट जरा निराळी. तिच्या आज्ञा आणि नियमावली दोन्ही उघड आहेत. तरीही २०१६ मध्ये तिचे संस्थापक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी बाहेरच्या एका क्लायंटने आपले सर्व्हर वापरण्यास जाहीर विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, क्लायंट अनेकांच्या हाती गेले की नियमावलीत सुधारणा करणे कठीण होते. सगळे बदलेपर्यंत थांबावे लागते आणि सुरक्षितता मागे पडते. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. तरीही उबुंटू टचसाठी सिग्नलशी बोलणारा क्लायंट स्वयंसेवकांनी लिहिलाच. त्याचे नाव 'ॲक्सोलॉटल'. तुटलेला पाय पुन्हा वाढवणाऱ्या मेक्सिकोतील एका उभयचर प्राण्याचे हे नाव. सिग्नलमधील किल्ल्या सतत बदलत राहण्याच्या रीतीलाही आधी हेच नाव होते. एखादी किल्ली चोरीस गेली, तरी पुढच्या किल्ल्यांनी ती रीत स्वतःला सावरते, म्हणून.

कायद्यानेही या प्रश्नात लक्ष घातले आहे. युरोपीय संघाचा डिजिटल बाजारपेठांचा कायदा नोव्हेंबर २०२२ मध्ये अमलात आला. ठरावीक मोठ्या संदेशसेवांनी मागणी करणाऱ्या इतर सेवांशी जोडून घेतले पाहिजे, असे तो म्हणतो. ही बंधने मार्च २०२४ पासून लागू झाली आणि व्हॉट्सॲप त्यांत येते. पण फरक ध्यानात घ्या. येथे एक सेवा दुसऱ्या सेवेशी बोलते. तुमचे त्याच सेवेवरचे खाते दुसऱ्या क्लायंटमधून वापरण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

विश्वास कोणावर?

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. कुलूप कितीही मजबूत असले, तरी क्लायंटला निरोप उघडाच दिसतो. तुम्ही तो लिहिता तेव्हाही आणि वाचता तेव्हाही. चोर तारेवर नसून क्लायंटच्या आतच बसला असेल, तर ६१७ आकडी संख्या काय कामाची?

म्हणूनच 'जास्त सोयी असलेली' म्हणून कोणीतरी पाठवलेली अनोळखी आज्ञावली फोनवर चढवणे धोक्याचे आहे. तृतीय पक्षाचा क्लायंट घ्यायचा असेल, तर काही प्रश्न विचारा. त्याच्या आज्ञा उघड आहेत का? त्या वाचणारे आणि चुका दाखवणारे लोक आहेत का? चूक सापडल्यावर ती किती लवकर दुरुस्त होते? मूळ सेवेच्या अटी तो पाळतो का? 'उघड आहे म्हणजे सुरक्षित आहे' असे नव्हे. डेबियनची चूकही उघड्यावरच दोन वर्षे राहिली होती. पण उघड असल्यामुळेच ती शोधणाऱ्याला सापडली आणि तिचे नेमके कारण सर्वांना कळले. बंदिस्त पेटीत काय आहे, हे तर विचारताही येत नाही.

आणखी एक बारकावा. टेलिग्रामचे नेहमीचे निरोप क्लायंट आणि सर्व्हर यांच्यामध्ये कुलूपबंद असतात. सर्व्हरला ते उघडता येतात. दोन फोनांमध्येच किल्ली ठरवणारे 'गुप्त संभाषण' वेगळे सुरू करावे लागते. क्लायंट बदलल्याने ही गोष्ट बदलत नाही.

शिक्षक मित्रांना एक सूचना. घातांक, बाकी आणि मूळ संख्या हे धडे शिकवताना वरील किल्लीचा प्रयोग वर्गात अवश्य करा. दोन विद्यार्थी फळ्याच्या दोन टोकांना उभे करा आणि बाकीचा वर्ग चोर समजा. उघड संख्या फळ्यावर लिहायच्या, मनातली संख्या वहीत. 'हे गणित कोठे उपयोगी पडते?' हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारणार नाही.

करून पाहा

१. 'म' चा क्रमांक २३५० आहे. त्याचे यूटीएफ-८ मधील तीन बाइट काढा.

२. 'शाळा उद्या बंद' या निरोपाच्या अगदी सुरुवातीला, मोकळी जागा न सोडता, हसऱ्या चेहऱ्याचे चित्र घातले. त्याचा युनिकोड क्रमांक १२८५१२ आहे. ६५५३५ पेक्षा मोठा क्रमांक यूटीएफ-१६ मध्ये दोन मोजतात. आता 'बंद' कितव्या स्थानापासून सुरू होईल?

३. क्लायंटच्या लेखकाने चुकून ग्रीनिच वेळेऐवजी भारतीय वेळ धरून सेकंद मोजले. निरोपाचा क्रमांक किती सेकंदांनी चुकेल? सर्व्हर तो घेईल का?

४. टेलिग्रामची सूचना आहे की, क्लायंटने मिळालेली मोठी मूळ संख्या तपासावी. तिच्यातून १ वजा करून २ ने भागल्यावरही मूळ संख्याच आली पाहिजे. १७ आणि २३ यांपैकी कोणती संख्या या कसोटीला उतरते?

५. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साध्या इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात आणि देवनागरीच्या खुणेला १६. तर एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरे किती आणि देवनागरी खुणा किती मावतील?

उत्तरे: (१) २२४, १६४, १७४. (२) १३. (३) ५ तास ३० मिनिटे, म्हणजे १९८०० सेकंद पुढे, घेणार नाही. (४) २३, कारण ११ ही मूळ संख्या आहे, ८ नाही. (५) १६० आणि ७०.